1 हा 0 पेक्षा मोठा आहे, हे सिद्ध करा

परवा रात्री पावणेबाराला मामेबहिणीचा मेसेज आला. "ताई जागी आहेस का? ऑनर्सचं चौथं वर्ष करू का तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडू?" नवीन शैक्षणिक धोरणात आता असं आहे की तीन वर्षांत 120 क्रेडिट झाले की साधी डिग्री, चौथं वर्ष करून 160 केले की ऑनर्स, आणि पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के किंवा जास्त असतील तर ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं. तिला 78 आहेत. म्हणजे कागदावर काही अडचण नाही, अडचण घरात आहे, मामा म्हणतात अजून एक वर्ष पोरगी नुसती शिकणार का? मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा खोडलं, शेवटी "उद्या बोलू" लिहून फोन पालथा घातला आणि दोन वाजेपर्यंत झोप नाही. त्या "नुसती" शब्दाने सगळं उकरून काढलं.

आमचे अण्णा लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. तूर, हरभरा, सोयाबीन. हंगामात पहाटे पाचला बाहेर आणि रात्री नऊला घरी, आणि आले की अंगाला तुरीच्या भुश्शाचा वास, माय म्हणायची आधी मोरीत जावा. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई असे रकाने असतात ना, त्यातल्या हमालीच्या रकान्यावर आमचं घर चालायचं. मी लहानपणी सुट्टीत डबा घेऊन यार्डात जायचे तेव्हा अण्णा मला थप्पी मोजायला लावायचे, लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती, सांग पोती किती. गुणाकार मला शाळेच्या आधी तिथे कळला असं म्हटलं तर ते जरा फिल्मी होईल, पण शाळेत पाढे येत होते त्यात थप्प्यांचा वाटा होता हे खरं.

दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग अकरावी-बारावी लातूर पॅटर्न. बाहेरच्यांना सांगून समजत नाही काय असतं ते. पहाटेची बॅच, कॉलेज, दुपारची बॅच, रात्री टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट, भिंतीवर रँकची यादी. गणिताचं एक गणित 40 सेकंदांत सुटलं पाहिजे, नाही सुटलं तर ऑप्शन टाकून बघ, तेही नाही जमलं तर पुढे जा. मला ते जमायचं बरं का, उगाच नाक मुरडत नाही. जेईईत मार्क बरे पडले, पण इतके बरे नाही की चांगलं सरकारी कॉलेज मिळावं, आणि खाजगीची फी ऐकून अण्णा काही बोललेच नाहीत, नुसते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मग क्लासमधल्या एका सरांनी इन्स्पायरचं सांगितलं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्कॉलरशिप, 2008 पासूनची. बारावीला आपल्या बोर्डातल्या वरच्या 1 टक्क्यात असाल आणि पुढे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलं मूळ विज्ञान शिकणार असाल तर वर्षाला 80 हजार, त्यातले 60 हजार तुमच्या हातात, म्हणजे महिन्याला 5 हजार पडतात, आणि 20 हजार उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडे प्रोजेक्ट करण्यासाठी. इंजिनिअरिंग-मेडिकलला गेलात तर नाही. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांना विचारलं, "म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर न होण्याचे पैसे देतात?" सर हसले. पण यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून तरी ऐकली नाही.

सरांनीच डोक्यात घातलं की नुसतं बीएस्सी कशाला, दिल्ली युनिव्हर्सिटीत मॅथ्स ऑनर्स कर. आपल्याकडे तेव्हा बीएस्सी म्हणजे पहिल्या वर्षी तीन-चार विषय, आणि तिसऱ्या वर्षाला गेल्यावर एक स्पेशल. दिल्लीत तेव्हा ऑनर्स म्हणजे पहिल्या दिवसापासून तोच एक विषय, त्याच्यातच तीन वर्षं बुडायचं. ते 2014 साल. आदल्या वर्षी युनिव्हर्सिटीने चार वर्षांची डिग्री आणली होती आणि त्या जूनमध्ये ती रद्द झाली, त्यामुळे ॲडमिशन लांबल्या, कटऑफच्या याद्या उशिरा लागल्या. एक अख्खी बॅच चार वर्षांची म्हणून आत आली नि तीन वर्षांची होऊन बाहेर पडली. आता बहीण विचारते चौथं वर्ष करू का, तेव्हा मला आमच्या त्या सीनियर्सची तोंडं आठवतात, दुसरं काय.

तिसऱ्या यादीत माझं नाव लागलं. सोलापुरातून कर्नाटक एक्सप्रेस, सकाळी चढलं की दुसऱ्या दिवशी दिल्ली. सोबत अण्णा, एक पत्र्याची पेटी, माय ने दिलेला शेंगाचटणीचा डबा आणि शेठकडून घेतलेली उचल. उचल म्हणजे आगाऊ पैसे, जे पुढच्या हमालीतून कापून जातात. किती घेतली ते मला तेव्हा सांगितलं नव्हतं.

पहिला ॲनालिसिसचा तास, म्हणजे संख्या आणि फंक्शन यांचा मुळापासून, सिद्धतेसकट अभ्यास. मॅडमनी बोर्डावर वास्तव संख्यांचे नियम लिहिले, बेरजेचे, गुणाकाराचे, लहान-मोठ्याचे, सगळे मिळून डझनभर असतील. आणि म्हणाल्या, आता फक्त एवढंच वापरून सिद्ध करा की 1 हा 0 पेक्षा मोठा आहे. वर्गात हशा पिकला. मला हसू आलं नाही, मला खरंच राग आला. म्हटलं, एवढ्या लांब आले, उचल घेऊन आले, आणि इथे हे? आमच्या घरात चार वर्षांच्या पोराला विचारलं तरी सांगेल एक पोतं हे शून्य पोत्यांपेक्षा जास्त असतं.

मॅडम म्हणाल्या, खरं आहे हे मला पण माहीत आहे, मी विचारतेय तुला कसं कळलं.

वीस मिनिटं गेली. कुणालाच येईना, ज्या मुलांना बारावीला गणितात शंभरपैकी शंभर होते त्यांनाही. मग मॅडमनी हळूहळू उलगडलं. शून्य सोडून कुठलीही संख्या घ्या, ती एक तर धन असेल नाहीतर तिची विरुद्ध संख्या धन असेल. धन गुणिले धन म्हणजे धन, हा नियम बोर्डावर आहेच. संख्या स्वतःच धन असेल तर तिचा वर्ग धन, हे सरळ आहे. विरुद्ध संख्या धन असेल तर त्या विरुद्ध संख्येचा वर्ग धन, आणि तो वर्ग मूळ संख्येच्या वर्गाइतकाच असतो. म्हणजे शून्य सोडून कुणाचाही वर्ग धनच. आता 1 काय आहे, तर 1 गुणिले 1, स्वतःचाच वर्ग. संपलं. 1 धन आहे.

मी वहीत उतरवत होते आणि एकदम हात थांबला. हे मी केलेलं होतं, हे गणित नाही पण ही रीत. नववी-दहावीची भूमिती! पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि शेवटी खाली "हेच सिद्ध करायचे होते". आमच्या शाळेतले गुरुजी एक पायरी गाळली तरी अर्धा मार्क कापायचे, कंसात कारण लिहिलं नाही तरी कापायचे. दोन वर्षं 40 सेकंदांच्या नादात ते सगळं मी विसरून गेले होते. पुढे तीन वर्षं माझ्या रफ वहीत प्रत्येक प्रूफच्या वर डाव्या कोपऱ्यात "पक्ष" आणि "साध्य" असंच लिहिलेलं असायचं, शेजारची मुलगी विचारायची ये क्या लिखती है, मी म्हणायचे मंत्र है.

इंग्रजी कमी पडायचं हे आहेच, पण लोकांना वाटतं तिथे नाही. टर्म्स येत होत्या. गोची व्हायची ती "फॉर एव्हरी" आणि "देअर एक्झिस्ट्स" यांच्या क्रमात. प्रत्येक बिंदूसाठी एक डेल्टा (बिंदूपासून किती हललं तरी चालेल ते माप) असते, हे वाक्य आणि एक डेल्टा अशी असते जी सगळ्या बिंदूंना चालते, हे वाक्य, मला दोन्ही सारखीच ऐकू यायची. ते सुटलं पीजीच्या, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहायचे त्या घराच्या दारात. विजयनगरमधल्या आमच्या पीजीत चौदा मुली, चौदा कुलपं. प्रत्येक कुलपाला किल्ली आहे, बरोबर. पण अशी एक किल्ली आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते, ही वेगळीच गोष्ट झाली ना, आणि ती फक्त मालकीणबाईंकडे होती, त्यावरून भांडणंही झाली होती. कंटिन्युइटी (फंक्शन कुठे उडी मारत नाही, हा गुण) म्हणजे ज्याच्या त्याच्या बिंदूला ज्याची त्याची डेल्टा. युनिफॉर्म कंटिन्युइटी म्हणजे मालकीणबाईंची किल्ली. पेपरात अर्थातच असं लिहिलं नाही.

आता पैशाचं सांगते, कारण ते सोडून हे सगळं लिहिलं तर खोटं होईल.

स्कॉलरशिप मंजूर झाली म्हणजे पैसे आले असं नसतं. माझे पहिल्या वर्षाचे पैसे आले दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर, आणि त्यात चूक माझीच. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. मी बँकेत खातं उघडताना नाव आधी लिहिलं, वडिलांचं नाव गाळलं, आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मवर तिसराच क्रम. तीन कागदांवर तीन मुली. हे लक्षात यायला मला पाच महिने लागले, मग नोटरी, मग नवा अर्ज, मग परत सह्या. जी कुणी आत्ता फॉर्म भरत असेल तिने एवढं एक करा बाई, मार्कशीट समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर तसंच लिहा.

मधल्या काळात उचलीवर भागत नव्हतं म्हणून मी मॉडेल टाऊनमध्ये एका नववीतल्या मुलाला शिकवायला जायचे, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला अडीच हजार. मेट्रोचे आठ-दहा रुपये वाचवायला चालत जायचे, चालत यायचे. माझ्याकडे एक वही होती, लांबट, लाल पुठ्ठ्याची, आडतीवर असते तसली, अण्णांनीच दिलेली, त्यात रोजचा खर्च. चहा 6. झेरॉक्स 14. पेन 10. चहा नाही. हे "चहा नाही" मी खरंच लिहायचे, म्हणजे न केलेल्या खर्चाचीही नोंद! अण्णांनी कधी हिशोब मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं, देऊन मोकळी झाले असते.

हळूहळू मी वेळेचाही हिशोब मांडायला लागले. रूमचं भाडं आणि डबा मिळून दिवसाला दोनशेच्या वर जातात, म्हणजे तासाला इतके, मग आज चार तास एका थिअरमवर घालवले आणि काही कळलं नाही, तर एवढे रुपये बुडाले. हे असं डोकं घेऊन ॲनालिसिस होत नाही, सांगून ठेवते. कारण त्या विषयात कळण्याच्या आधी न कळण्याचे तास असतात आणि ते कमी करता येत नाहीत. इतर मुलीही अडायच्या, पण त्या अडल्या की लॉनवर जाऊन बसायच्या, चाट खायच्या, परत यायच्या. मी अडले की घाबरायचे आणि उत्तर पाठ करायचे. पेपरात आकडे बदलले की आडवी.

पहिल्या वर्षाला 61 टक्के. इन्स्पायर चालू ठेवायला 60 लागतात. निकाल बघितला त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही, पान कोरं आहे अजून.

मग साठ हजार एकदम आले. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा मी डी-स्कूलच्या (दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या) झेरॉक्सवाल्याकडे रांगेत होते, रूममेट सोशिऑलॉजीची, तिची रीडिंग्ज घ्यायला. हे तेच झेरॉक्सचं दुकान ज्याच्यावर आणि युनिव्हर्सिटीवर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली हायकोर्टात दावा लावला होता, की पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून कोर्स पॅक कसे काय विकता म्हणून. पुढे सप्टेंबर 2016 मध्ये निकाल लागला, शिकवण्यासाठी अशा प्रती काढणं हा कॉपीराइटचा भंग नाही म्हणून, तेव्हा कॅम्पसवर अशी चर्चा की जणू आमच्यातलंच कुणीतरी पास झालंय. होतंच म्हणा. ती मूळ पुस्तकं विकत घेणारी एकही मुलगी माझ्या ओळखीत नव्हती. तर त्या रांगेत मेसेज आला, 60,000, आणि मी रूममेटला न सांगता बाहेर येऊन पायरीवर बसले.

त्यातले चाळीस हजार घरी पाठवले. तेव्हा कळलं की उचल चाळीसचीच होती. अण्णा फोनवर म्हणाले, "शिकायच्या पैशाला हात लावायचा नव्हता." मी म्हटलं ते शिकण्यातच गेलेत. दोघंही खरं बोलत होतो. पण त्यानंतर आत काहीतरी घट्ट बसलं, की आता हे माझे पैसे नाहीत, घराचे आहेत, आणि 60 टक्क्यांच्या खाली आले तर माझं नुसतं शिक्षण जात नाही. म्हणून पैसे येऊनही ट्यूशन मी सोडली नाही. भीतीने.

2016 चा उन्हाळा. लातूरला पाणी नाही. मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. इकडे दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनीही लातूरला पाणी पाठवायची तयारी दाखवली, त्यामुळे कॅन्टीनमध्ये अचानक सगळ्यांना लातूर कुठे आहे हे कळलं. "तू उसी ट्रेनवाले शहर से है?" हो. तीच मी. पीजीत नळ सोडून दात घासणाऱ्या मुलींकडे मी अशी बघायचे की त्या नळ बंद करायच्या.

दुष्काळात आडतीवर माल येत नाही. माल नाही म्हणजे हमाली नाही. घरी फोन केला की माय पाण्याचं सांगायची, किती घागरी, कुठल्या गल्लीत टँकर, किती वाजता उठावं लागलं. आणि मी इकडे काय करत होते? एक गणित घेऊन बसले होते. तीन दिवस, एकच.

गणित असं. एक फंक्शन आहे, म्हणजे एक संख्या घातली की एक उत्तर देणारा नियम, त्याचा गुण एवढाच की दोन संख्यांची बेरीज करून मग त्याच्यात घाला किंवा दोन्ही वेगवेगळ्या घालून मग उत्तरांची बेरीज करा, सारखंच येतं. आणि ते कंटिन्युअस आहे. तर सिद्ध करा की ते दुसरं तिसरं काही नसून एका ठरावीक आकड्याने गुणणं आहे. पूर्णांकांचं पाच मिनिटांत झालं. 2 म्हणजे 1 आणि 1, 3 म्हणजे 2 आणि 1, असं चढत जायचं. अपूर्णांकांचं तासाभरात झालं, अर्धा आणि अर्धा मिळून एक, त्यावरून अर्ध्याचं काढायचं. आणि मग वर्गमूळ 2 पाशी गाडी अडली. ते कशाच्या किती तुकड्यांची बेरीज आहे? कशाच्याच नाही. ते परिमेयच नाही. दोन दिवस मी तिथे उभी. परीक्षा महिन्यावर, बाकी चार चॅप्टर पडलेले, लाल वहीत रोज एक कोरी ओळ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा फोन. ते कधी स्वतःहून करत नसत.

"काय करूलालीस?"

"काही नाही अण्णा. बसलेय."

"बसलीस म्हंजे?"

मग मी भडाभडा सगळं सांगितलं, की एका गणितावर तीन दिवस गेले, तुम्ही तिथे असे, आणि मी इथे पैसे घेऊन रिकामी बसून आहे. ते बराच वेळ गप्प होते. मागे कुणीतरी पत्ते पिसत होतं, आवाज येत होता, यार्डातल्या शेडमधून बोलत होते ते.

"आम्ही बी बसूनच हाव की. माल येईस्तोवर बसावंच लागतंय. त्याला रिकामं बसणं नाही म्हणत. गाडी लागल्यावर जागेवर माणूस नसला, तर मग त्याचं काय?"

एवढं बोलून माय कडे फोन दिला. मला रडूबिडू आलं नाही. मी जेवले, लवकर झोपले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना (नळ बंद करून) ते आलं. वर्गमूळ 2 ला गाठता येत नाही पण त्याच्याकडे जाता तर येतं, 1.4, 1.41, 1.414, हे सगळे परिमेय, यांचं आधीच सिद्ध झालंय, आणि फंक्शन कंटिन्युअस आहे म्हणजे वाटेत उडी मारणार नाही. पक्षात दिलेलं होतं ते! मी तीन दिवस पक्षातला एक शब्द वापरलाच नव्हता, गुरुजींनी अर्धा मार्क कापला असता.

आणि लिहून काढताना कळलं की हे गणित मला लहानपणापासून माहीत होतं. दोन पोती एकत्र काट्यावर टाका नाहीतर एकेक टाका, पैसे सारखेच आले पाहिजेत. तसे येत असतील तर किंमत म्हणजे भाव गुणिले वजन, दुसरी कुठली असूच शकत नाही. आख्खं मार्केट यार्ड या एका सिद्धतेवर चाललंय आणि तिथे कुणाला ती लागत नाही.

एक गंमत राहिली. फंक्शन कंटिन्युअस असण्याची अट काढून टाकली तर बेरजेचा नियम पाळणारी भयानक वेडीवाकडी फंक्शनं निघतात, ज्यांचा आलेखही काढता येत नाही. ती 1905 साली दाखवली जॉर्ज हॅमेल नावाच्या जर्मन माणसाने. मॅडमनी बोर्डावर त्याचं नाव लिहिलं आणि मी घाईत वहीत "हमाल" लिहिलं. तसंच आहे अजून. त्या फंक्शनांच्या मागे जी रचना आहे तिला हॅमेल बेसिस म्हणतात, माझ्या वहीत हमाल बेसिस.

त्या महिन्यात मी ट्यूशन सोडली. काही फार धीट निर्णय वगैरे नव्हता, मुलगा दहावीत गेला आणि त्यांना मोठा क्लास लावायचा होता, मी फक्त दुसरी शोधली नाही. पण शोधली नाही हे माझ्यासाठी खूप होतं. चौथ्या सेमिस्टरला मार्क चढले, पुढे चढतच गेले, 60 च्या रेषेकडे परत बघावं लागलं नाही.

उन्हाळ्यात इन्स्पायरच्या प्रोजेक्टसाठी पुण्यात एका सरांकडे गेले. लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये सुरू केलेलं. अभ्यंकर म्हणजे बीजभूमितीतलं जगभर मोठं नाव, अमेरिकेत पर्ड्यूला प्रोफेसर, 2012 साली वारले. सर पहिल्या दिवशी म्हणाले, ते प्रतिष्ठान बघून ये आधी. गेले, बघून आले, मग सरांनी खुर्चीकडे बोट दाखवून म्हटलं, "हं, समजा एक ग्रुप घेतला, त्याला किती घटक आहेत हे आपल्याला माहीत नाही, मग काय काय विचारता येईल?" मराठीत. मला दोन मिनिटं काही सुचेना, ग्रुपमुळे नाही, गणित आणि मराठी परत एका खोलीत भेटल्यामुळे. सहा आठवडे मी बडबडले. दिल्लीत मला सगळे शांत मुलगी म्हणायचे.

बाकी तिसऱ्या वर्षाबद्दल काय सांगू, ते चांगलंच गेलं, आणि चांगल्या दिवसांचं लिहायला फार नसतं. महाराष्ट्र सदनाच्या कॅन्टीनला महिन्यातून एकदा जायचे, यूपीएससीवाली आपली पोरं भेटायची, ती विचारायची गणित करून पुढे काय, मी विचारायचे यूपीएससी करून पुढे काय, मग दोघं हसून परत जायचो. लाल वही तिसऱ्या वर्षी मागून भरायला लागली. पुढून चहा-झेरॉक्स, मागून गणितं, मधे वीसेक पानं राहिली.

2017 च्या मे मध्ये शेवटचा पेपर झाला आणि अण्णा न्यायला आले. मी नको म्हटलं होतं. येताना यार्डातली एक रिकामी गोणी आणि दाभण-सुतळी घेऊन आले, कारण मी फोनवर म्हणाले होते पुस्तकं आणि नोट्स पेटीत मावत नाहीत. पीजीच्या व्हरांड्यात बसून त्यांनी सगळं भरलं, जाड पुस्तकं कडेने, झेरॉक्सचे गठ्ठे मधे, वह्या वर, थप्पी लावतात तसं, आणि तोंड शिवलं. चौदाच्या चौदा मुली बघायला आलेल्या. मालकीणबाई म्हणाल्या भैया ये तो बोरी है. अण्णा म्हणाले, हां जी, बोरीच.

नवी दिल्ली स्टेशनवर लाल शर्टवाला पुढे आला तर अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि गोणी स्वतः पाठीवर घेतली. जिना चढताना म्हणाले, "पस्तीस किलो असंल." मग चार पायऱ्यांवर, "तीन वर्षांचं एवढंच?"

मी हो म्हटलं.

लातूरला पोचल्यावर रिक्षा घरी नेण्याआधी यार्डात थांबवली त्यांनी, काट्यावर टाकली. मापाड्याने वाचलं, छत्तीस. मी म्हटलं, अण्णा, चुकलात की, एक किलोने.

"बारदान वजा कर आधी," अण्णा म्हणाले, आणि पाणी प्यायला गेले.